शेपूट उतरले, वनगाय वरच राहिली

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर हिमालयाची आठवण यावी असे काहीच नाही. मेट्रो ५ चे खांब, त्यांच्या सावलीत अडकलेल्या रिक्षा, कापडाचे तागे भरलेले टेम्पो आणि आतल्या गल्ल्यांतून येणारा यंत्रमागांचा खडखडाट. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम वीस-पंचवीस मीटर, आणि हवा अशी दमट की वैशाखात सदरा अंगाला चिकटलेलाच. पण भाद्रपद उजाडला की याच नाक्यावर सार्वजनिक गणपतीचा भव्य देखावा उभा राहतो, आणि देव म्हटला की छत्र-चामरे आलीच. देवाच्या मस्तकावरून डौलात फिरणारी चवरी म्हणजे मुळात एका जनावराचे शेपूट. ते जनावर भिवंडीत कधी आले नाही, आले असते तरी टिकले नसते. चार-पाच हजार मीटर उंचीवर, उणे तीस अंशांच्या थंडीत निवांत रवंथ करणारी ही वनगाय. संस्कृत कवींची चमरी, आणि आजच्या पर्यटकाचा याक.

शेपूट मात्र खाली आले, आणि दोन हजार वर्षे येत राहिले.

देवळातल्या चवरीइतकीच या शेपटाची दुसरी वाट मराठी घरांत शिरलेली होती, आणि ती जवळपास विसरली गेली आहे. ती म्हणजे गंगावन. अंबाडा भरदार दिसावा, वेणी कमरेखाली पोहोचावी म्हणून बायका जी केसांची जोड आपल्या केसांत गुंफत, ती वनगाईच्या शेपटीच्या केसांचीही करीत. हा केस लांब, चिवट, किंचित रेशमी, आणि माणसाच्या केसांत सहज मिसळणारा. संगीत नाटकांच्या काळात पुरुष नट शालू नेसून रंगमंचावर येत, तेव्हा त्यांच्या खोप्याचा भारही गंगावनावरच असे.

गंमत अशी की नेमकी हीच गोष्ट रोममध्ये बसलेल्या एका लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. त्याचे नाव एलियन. प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात तो हिंदुस्थानातल्या एका गवतखाऊ जनावराचे वर्णन करतो. घोड्याच्या दुप्पट आकाराचे, झुबकेदार शेपटीचे, आणि शेपटीचा केस माणसाच्या केसाहून तलम. हिंदुस्थानातल्या बायकांना हे केस फार प्रिय असून त्या ते आपल्या केसांत गुंफतात, असे तो सांगतो. एलियनने हिंदुस्थान पाहिला नव्हता. ग्रीक प्रवाशांच्या जुन्या लिखाणावर आणि ऐकीव माहितीवर त्याची भिस्त होती. तरीही गंगावनाची बातमी त्याच्यापर्यंत अचूक पोहोचली होती.

जनावराच्या स्वभावाबद्दल मात्र त्याच्यापर्यंत पोहोचली ती निव्वळ थाप. शिकारी मागे लागले की हे जनावर आपली शेपटी झुडपात लपवते आणि तोंड पुढे करून उभे राहते. शेपटी दिसली नाही म्हणजे आपल्याला कोणी हात लावणार नाही, अशी त्याची समजूत! शिकारी विषारी बाण सोडतात, शेपटी आणि कातडे घेतात आणि मांस तिथेच टाकून जातात, असे एलियन म्हणतो. पुढे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉसमस नावाचा व्यापारी, जो नंतर साधू झाला, तोही याच जातीची गोष्ट सांगतो. याच्या मते या रानबैलाची शेपटी झाडात अडकली की तो जागचा हलत नाही, कारण एकही केस तुटलेला त्याला खपत नाही. मग माणसे येतात आणि शेपटीच कापून नेतात. आणि इकडे कालिदासाने ‘कुमारसंभवा’त पार्वतीच्या केशसंभाराचे कौतुक करताना चमरींच्या याच शेपूटवेडाचा आधार घेतलेला आहे. जनावरांना लाज असती, तर पार्वतीचे केस पाहून चमरींचे आपल्या शेपटीवरचे प्रेम ओसरले असते, अशी त्याची कल्पना.

उज्जैनचा कवी, रोमचा लेखक आणि अलेक्झांड्रियाचा व्यापारी एकमेकांचे वाचून लिहीत नव्हते. गोष्ट बाजारात फिरत होती आणि मालाबरोबर गावोगाव जात होती. शेपटाचा भाव चढवायला याहून चांगली गोष्ट दुसरी कोणती? खरी वनगाय चरते तिथे औषधालाही झाड सापडत नाही, मग शेपूट अडकायचे कुठे, हे विचारायला गिऱ्हाईक थोडेच तिबेटात जाणार होते.

कॉसमसची साक्ष भिवंडीकरांना आणखी एका कारणासाठी जवळची वाटावी. इसवी सन 550 च्या सुमाराच्या त्याच्या ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तिथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, आणि तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप आहे, असे तो नोंदवतो. कल्याण भिवंडीपासून दहा-बारा किलोमीटरवर, उल्हास नदीच्या खाडीवर. वनगाईच्या शेपटांपासून सेनापती आपले घोडे आणि निशाणे सजवतात, हेही त्याच ग्रंथात आहे. लष्करी छावण्यांतही तेव्हा या केसांचे झुबके मिरवत होते.

कोकणात आणि दख्खनेत त्या काळी चवरी सर्वांना ओळखीची होती, याचा पुरावा दगडात आहे. कान्हेरी, अजिंठा, वेरूळ इथल्या बुद्धमूर्तींच्या दोन्ही बाजूंना चवरी घेतलेले सेवक उभे आहेत. कित्येकदा ते साधे सेवक नसून बोधिसत्त्वच आहेत. वेरूळच्या जैन लेण्यांत तीर्थंकरांच्या दोहों अंगांना चवरीधारी असतात, कारण तीर्थंकरांच्या आठ प्रातिहार्यांत चामराची गणना होते. पाटण्याजवळ 1917 मध्ये सापडलेली दीदारगंजची यक्षी तर केवळ चवरीवरून ओळखली जाते. डावा हात तुटला आहे, पण उजव्या हातातली चवरी खांद्यावरून मागे रुळते आहे आणि शिल्पकाराने तिचा केस न् केस वेगळा कोरला आहे. सह्याद्रीत चवरी कोरणाऱ्या पाथरवटांपैकी वनगाय पाहिलेला कोणी असेल, हे मात्र संभवत नाही. त्यांनी पाहिले ते दांडीत बसवलेले शेपूट.

मालही असा की दूरच्या व्यापाराला अगदी सोयीचा. वजनाला हलका, किमतीला भारी, आणि नासत नाही. काळजी एकच, कसर लागू द्यायची नाही. तिबेटातून मीठ, टाकणखार, लोकर, कस्तुरी, सोन्याची धूळ आणि ही शेपटे नीती, माणासारख्या खिंडींतून गढवाल-कुमाऊंत उतरत. मेंढ्या आणि शेळ्यांच्या पाठीवर दोन्हीकडे छोट्या थैल्या बांधून भोटिया व्यापारी हा माल आणीत. अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त अवध सुभ्याचे वर्णन करताना उत्तरेच्या पहाडांतून माणसांच्या, तट्टांच्या आणि शेळ्यांच्या पाठीवरून येणाऱ्या मालाची यादी दिली आहे. सोने, तांबे, शिसे, कस्तुरी आणि मध यांच्याबरोबर त्या यादीत वनगाईची शेपटे आहेत. मैदानात उतरलेला माल मग वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर चढे. आग्र्याकडून दख्खनेत आणि थळघाटाने कोकणात येणाऱ्या वाटेवरचे शेवटचे मोठे मुक्काम म्हणजे भिवंडी आणि कल्याण. भिवंडीतल्या जुन्या आग्रा रोडवरच्या एका नाक्याला आजही वंजारपट्टी म्हणतात.

मुघलांना या शेपटांची गरज फक्त माशा वारण्यासाठी नव्हती. ‘ऐने अकबरी’त बादशाही निशाणांची यादी आहे. त्यातले चत्रतोक आणि त्याहून उंच तुमानतोक ही निशाणे तिबेटी वनगाईच्या शेपटांनी मढवलेली असत, आणि तुमानतोक मिळणे हा थोरांतल्या थोर उमरावाचाच मान. मध्य आशियातल्या घोडेस्वारांची ही जुनी रीत. तुर्कांनी त्यासाठी घोड्याचे शेपूट वापरले, हिमालय हाताशी असलेल्या मुघलांनी वनगाईचे.

आता रायगडावर येऊ. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत मराठी आरमाराची पायाभरणी झाली. त्यानंतर सतरा वर्षांनी, 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला. परंपरेने चालत आलेल्या वर्णनानुसार सिंहासनाच्या चार दिशांना चार प्रधान तूप, दूध, दही आणि मध यांचे कलश घेऊन उभे होते, आणि उपदिशांना राजचिन्हे घेतलेले प्रधान होते. आग्नेयेला अण्णाजी दत्तो छत्र घेऊन, नैर्ऋत्येला जनार्दनपंत पंखा घेऊन, वायव्येला दत्ताजी त्रिंबक चामर घेऊन आणि ईशान्येला बाळाजी पंडित दुसरे चामर घेऊन. एरवी चवरी ढाळणे हे खिजमतगाराचे काम. त्या दिवशी ते राज्याच्या प्रधानांनी केले, यातच चामराचे मोल कळते. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या सोहळ्याला हजर होता. सिंहासनाच्या उजव्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर माशांची सोन्याची मुंडकी आणि डाव्या बाजूला बऱ्याच शेपट्या व न्यायाचा सोन्याचा तराजू पाहिल्याचे त्याने लिहिले आहे. त्या शेपट्या त्याला घोड्यांच्या वाटल्या. युरोपियन माणसाच्या डोळ्यांसमोर तुर्की निशाणे असणार, तेव्हा त्याला तसे वाटणे साहजिकच. पण मुघल दरबाराच्या मानचिन्हांना तोडीस तोड चिन्हे मांडायच्या त्या प्रसंगी वनगाईची शेपटे असणे जास्त संभवते.

पेशवाईत याच तिबेटी पठाराच्या बाजूने आणखी एक वस्तू पुण्याच्या दरबारात येऊन मानाची ठरली. ती म्हणजे शालजोडी. काश्मिरात विणल्या जाणाऱ्या शालींची पश्मिना लडाख आणि पश्चिम तिबेटातल्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांची. म्हणजे पुण्यातला मानकरी अंगावर घेई ती शेळीची लव, आणि त्याच्या धन्यावर ढाळले जाई ते वनगाईचे शेपूट. दोन्ही जनावरे एकाच माळावर चरणारी. त्याच पठारावरचा चिरू नावाचा हरणासारखा प्राणी मात्र दुर्दैवी ठरला. त्याच्या लवेची शहातूश शाल अंगठीतून आरपार जाते, अशी तिची ख्याती. पश्मिना विंचरून काढता येते. चिरूला मारल्याखेरीज लव मिळत नाही, आणि एका शालीला तीन ते पाच जनावरे लागतात. विसाव्या शतकाच्या अखेरीला चिरू नामशेष होण्याच्या काठावर आला होता.

याक स्वतः खाली का आला नाही, याचे उत्तर त्याच्या शरीरात आहे, आणि ते पुरते उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले.

साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. साधी गाय अशा उंचीच्या वाटेला लावली की तिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसाचा तो भाग बंद करायचा, ही सखल प्रदेशातल्या शरीराची सवय. पण वर सगळीकडेच प्राणवायू कमी. सगळ्याच वाहिन्या आकसल्या की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, ती थकते आणि गाईच्या छातीखाली पाणी उतरते. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ कुरणांवर गाई नेणाऱ्या पशुपालकांना हा रोग शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. याकच्या फुप्फुसातल्या धमन्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्या अशा आकसत नाहीत. गाईला फासळ्यांच्या तेरा जोड्या, याकला चौदा, कधी पंधरा. छातीचा पिंजरा मोठा, फुप्फुसे आणि हृदय शरीराच्या मानाने मोठे, आणि रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडणारे. 2012 मध्ये याकचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा गाय आणि याक यांच्या वाटा सुमारे 49 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्याचे अनुमान निघाले.

थंडीचा बंदोबस्त याहून साधा. वर लांब राठ केस, पोटाखाली तर ते झालरीसारखे जमिनीला टेकतात, आणि आत दाट मऊ लव, जी उन्हाळ्यात गळते. कातडीतून घाम जवळजवळ येतच नाही. हिवाळ्यात जे वरदान, तेच खाली उतरल्यावर संकट. पारा पंधरा अंशांच्या आसपास चढला की याकचा श्वास वाढू लागतो. भिवंडीत पौषातल्या पहाटेही बहुधा त्याहून जास्त उकाडा असतो. म्हणूनच हिमालयात तीन हजार मीटरच्या खाली पाळीव याक क्वचित दिसतो, आणि खालच्या वाटांवर काम करतो तो याक आणि गाईचा संकर, झो. एव्हरेस्टच्या पायथ्याचा ट्रेक करून आलेले पुण्या-मुंबईचे ट्रेकर लुक्ला ते नामचे या टप्प्यातले याकचे म्हणून जे फोटो दाखवतात, त्यातले बहुतेक झोच असतात. नर झो वांझ असतो, त्यामुळे पैदाशीला त्याचा उपयोग नाही, तो कामासाठीच पाळतात. मादी दूध देते. खरा याक नामचेच्या वर भेटतो, आणि एव्हरेस्टच्या तिबेटी बाजूला तर तो गिर्यारोहकांचे सामान घेऊन सुमारे 6400 मीटरपर्यंत चढतो. 

उंचीवरचा एकमेव सस्तन प्राणी याकच, असे मुळीच नाही. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरच्या युयाइयाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, 6739 मीटरवर, 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी एक जिवंत उंदीर पकडला. सस्तन प्राण्यांत इतक्या उंचीची नोंद दुसरी नाही. तिबेटच्या पठारावर पायका नावाचा सशाचा छोटा भाऊबंद राहतो. तो हिवाळ्यात झोपी जात नाही आणि दाणागोटाही विशेष साठवत नाही. तो आपल्या शरीराची आग मंद करतो, आणि खायला काही उरले नाही की याकचे शेण खातो. हे संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच शेणाच्या गोवऱ्यांवर तिथल्या माणसांच्या चुली पेटतात, कारण जाळायला लाकूड नाहीच. दूध, लोणी, चुर्पी नावाचे कडक चीज, तंबूसाठी केसांचे कापड, दोरखंड, कातडे, मांस, ओझे, इंधन. त्या माळावर माणसाचा संसार याकच्या पाठीवर उभा आहे. शेपूट ही त्यातली सगळ्यात बिनकामाची चीज, आणि बाहेरच्या जगात तिलाच सर्वांत जास्त भाव.

रानटी आणि पाळीव याक यांच्यात फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. रानटी नर खांद्याशी जवळपास दोन मीटर उंच आणि हजार किलोपर्यंत वजनाचा. पाळीव नर त्याच्यापुढे निम्माच. शास्त्रज्ञांनी नावेही मजेदार दिली. पाळीव याक घुरघुरतो म्हणून लिनियसने 1766 मध्ये त्याला घुरघुरणारा बैल म्हटले, आणि रशियन प्रवासी प्रझेवाल्स्कीने 1883 मध्ये रानटी याकला मुका बैल. भारतात रानटी याक उरला आहे तो लडाखच्या चांगचेनमो खोऱ्याच्या बाजूला, अगदी थोडा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. हे खोरे पँगाँग सरोवराच्या उत्तरेला. त्या सरोवराच्या काठावर डिसेंबर 2024 मध्ये लष्कराने शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. छत्रपतींवर ढाळलेली चामरे जिथल्या जनावरांची, त्या मुलखात छत्रपती पोहोचले ते असे, साडेतीनशे वर्षांनी.

इंग्रजांनी याकला खाली आणायचा प्रयत्न एकदा केला होता. 1782 मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह झाल्यावर कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने पुढच्याच वर्षी सॅम्युअल टर्नरला तिबेटच्या वकिलातीवर पाठवले. डोळा व्यापारावर होता. टर्नरने याकचे बारकाईने वर्णन केले, त्याच्या शेपटांच्या चवऱ्यांना हिंदुस्थानभर मान आहे हे नोंदवले आणि हेस्टिंग्जसाठी दोन याक इंग्लंडला धाडले. एक वाटेत मेला, दुसरा पोहोचला. इंग्लंडची थंडी त्याला मानवली. जॉर्ज स्टब्ज या नामांकित चित्रकाराने 1791 मध्ये त्याचे चित्र काढले. चित्रातला याक काळा आहे आणि त्याचे शेपूट मात्र ठसठशीत पांढरे. असेच पांढरे शेपूट चवरीसाठी सर्वांत मोलाचे, कारण बहुतेक याक काळे किंवा गडद तपकिरी असतात.

शेपटांचे गिऱ्हाईक पुढे फारच लांबचे निघाले. जपानमध्ये सामुराईंच्या शिरस्त्राणांवर आणि काबुकी नाटकातल्या सिंहाच्या केसरांवर हेच केस लागत. 1868 च्या सत्तांतरात एडोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, किल्ला ताब्यात आल्यावर तिथे साठवलेले केस विजयी सरदारांनी डोक्यावर मिरवले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला सांताक्लॉजच्या दाढ्यांसाठी ल्हासाहून कालिंपोंगमार्गे पांढरी शेपटे जाऊ लागली. एकाच खेपेतले एक शेपूट देवळात आणि दुसरे न्यूयॉर्कच्या दुकानातल्या सांताच्या हनुवटीला, असेही झाले असेल. देवळाच्या पुजाऱ्याला ते कळले नाही, हे बरेच झाले.

महाराष्ट्रात चवरीचा मान पुढेही टिकून राहिला. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आले आणि राजाचा लवाजमा देवाच्या सेवेला लागला. चोपदार, अब्दागिरी, गरुडटक्के आणि पादुकांवर ढाळली जाणारी चवरी. कोल्हापुरात अंबाबाईच्या पालखीबरोबर चवरी आणि मोरचेल असतेच. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबात गुरू ग्रंथसाहिबावर सेवेने चौर ढाळला जातो. भिवंडीत कापडाच्या व्यवसायाने स्थिरावलेल्या गुजराती-मारवाडी जैन कुटुंबांच्या देरासरांत पूजेत चामर लागतेच. जातीपंथाची इतकी कुंपणे ओलांडून सर्वांनी पूज्य मानलेली, आणि तीही एका जनावराच्या शेपटाची, वस्तू महाराष्ट्रात दुसरी सापडणे कठीण. गाईच्या कुळातल्या जनावराचे शेपूट म्हणून ते पवित्र ठरले असावे, हा तर्क सोपा आहे. पण राजाकडे आहे म्हणून देवाला, आणि देवाला आहे म्हणून सर्वांना, हे कारण जास्त खरे वाटते.

वाट तुटली ती 1962 मध्ये. चीनशी युद्ध झाले, खिंडी बंद झाल्या, कालिंपोंगची लोकर आणि शेपटांची गोदामे ओस पडली. 6 जुलै 2006 रोजी नाथू ला खिंड व्यापारासाठी पुन्हा उघडली, तेव्हा तिबेटातून आणता येणाऱ्या पंधरा वस्तूंच्या सरकारी यादीत लोकर, लोणी, मीठ, घोडे यांच्यासोबत याकचे शेपूट आणि याकचे केस ही दोन नावे स्वतंत्रपणे छापलेली होती. अबुल फजलच्या यादीनंतर चारशे वर्षांनी यादी बदलली होती, शेपूट तेवढे कायम होते. 2020 मध्ये हा व्यापार थांबला.

सीमा बंद झाल्याचा फटका जनावरालाही बसला. पूर्वी तिबेटातून नवे वळू येत, कळपांत नवे रक्त येई. ते थांबल्यावर भारतातल्या कळपांत आपसातच पैदास होऊ लागली. चारणीच्या जमिनी आटल्या, पशुपालकांची मुले शहरात गेली. 2019 च्या मे महिन्यात उत्तर सिक्कीममध्ये आदल्या हिवाळ्यातल्या बर्फात अडकून तीनशेहून अधिक याक उपाशी मेल्याचे उघडकीस आले. 2012 च्या पशुगणनेत देशात 77 हजार याक होते. 2019 मध्ये 58 हजार उरले. अरुणाचलात दिरांग इथे 1989 पासून याकसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि अरुणाचलच्या याक चुर्पीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दूध आणि चीज विकले गेले तर पशुपालक याक ठेवील, हा त्यामागचा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. शेपटावर कळप जगत नाही, पूर्वीही जगत नव्हता.

दरम्यान पूजासाहित्याच्या दुकानांत नायलॉनची चवरी आली. दुधासारखी पांढरी, स्वस्त, धुता येणारी, कसर न लागणारी. कृत्रिम धाग्यावर जगणाऱ्या भिवंडीने तिला नाव ठेवण्याचे कारण नाही, आणि देवालाही तिचे वावडे असल्याचे ऐकिवात नाही. पण जुन्या वाड्यांत, देवघरांच्या फडताळांत, गावच्या देवळातल्या पेटीत वनगाईच्या केसांच्या कितीतरी चवऱ्या अजून पडून आहेत. ओळखायला सोप्या. खऱ्या शेपटाचा केस टोकाकडे निमुळता होत जातो आणि सगळे केस एका लांबीचे नसतात. नायलॉनचा तंतू मुळापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा आणि कात्रीने सरळ कापलेला. नवी आणली म्हणून जुनी भंगारात घालू नये. ती कोमट पाण्यात रिठ्याने धुवावी, सावलीत वाळवावी, कडुलिंबाचा पाला घालून कापडात गुंडाळून ठेवावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती कुणी, कुठून, कोणत्या साली आणली, एवढे एका चिठ्ठीवर लिहून तिच्या दांडीला बांधून ठेवावे.